होडी वसूल झाली

मित्रांनो, माजलगाव धरणाचं फुगवट्याचं पाणी जिथं उसाच्या बांधाला येऊन टेकतं, तिथं एका बाभळीखाली निळ्या-पांढऱ्या रंगाची एक होडी पालथी पडलेली आहे. तिचा रंग आता जागोजाग उडाला आहे. डाव्या कुशीला हातभर लांबीचं ठिगळ आहे. उसाला पाणी द्यायला आलेले गडी तिच्या पाठीवर बसून भाकरी खातात, चुकार शेळ्या तिच्या सावलीला रवंथ करतात. ती जुनी होडी म्हणजे मी. मला हौसेखातर विकत घेतलं होतं. ती हौस कशी पुरी झाली आणि केवढ्याला पडली, ते आज तुम्हाला सांगावंसं वाटतं.

माझा जन्म इथला नाही. कोकणात एका खाडीकाठच्या कारखान्यात मी घडले. मी लाकडाची नाही, फायबरची. साच्याला आधी मेण चोळलं, मग काचेच्या धाग्यांच्या चटईचे आणि चिकट रसायनाचे थरावर थर बसवले, आणि आठवड्याने मला साच्यातून ओढून बाहेर काढलं. सहा माणसांची बैठक, दोन वल्ही आणि मागं छोटं इंजिन लावायला जागा. तिथून मी घाटमाथ्यावरच्या एका तळ्यावर गेले. नऊ वर्षं मी तिथं सहलीला आलेल्या लोकांना फिरवलं. मुलं माझ्या काठावरून हात खाली सोडून पाणी कापत जायची. नवी लग्नं झालेली जोडपी फोटो काढायची. अर्ध्या तासाची फेरी संपली की माणसं उतरायची आणि मागं वळून न बघता निघून जायची. मला त्याचं वाईट वाटत नसे, कारण दुसरी माणसं रांगेत उभीच असत.

मग मालकाने बदकाच्या आकाराच्या नव्या होड्या आणल्या. माझ्यावर ताडपत्री पडली आणि ताडपत्रीवर पाटी लागली, ‘विकणे आहे’.

तिथंच अर्जुनरावांनी मला पहिल्यांदा पाहिलं. बीड जिल्ह्यातल्या बड्या बागायतदार घराण्यातला हा माणूस. साठीला टेकलेला, अंगाने भरलेला, बोलायला हळू. मुलगी प्रियदर्शनी पुण्याला शिकत होती. तिला भेटायला ते पत्नीसह आले होते आणि तिने दोघांना तळं दाखवायला आणलं होतं. सगळे बदकांकडे गेले, आणि अर्जुनराव मात्र ताडपत्रीचं टोक वर करून माझ्याकडे बघत उभे राहिले.

“अहो, काय बघता?” त्यांच्या पत्नी शिवकन्या मागून आल्या.

“ही घ्यावी म्हणतो.”

शिवकन्या हसल्या नाहीत. नवरा खरंच बोलतो आहे हे त्यांनी ओळखलं. “ठिवायची कुठं?”

“बांधाला. पाणी आपल्या उसापस्तोर येतं की.”

“येतं तसं जातंबी. मंग?”

“मंग बाभळीखाली पालथी घालायची.”

“फुटली-मोडली तर कोण नीट करणार? आपल्याकडं ट्रॅक्टरचा मिस्त्री हाय, होडीचा न्हाई.”

“शिकंल की तो.”

“बरं. आन् बसणार कोण तिच्यात? मला पाण्याकडं नुसतं बघितलं तरी भोवळ येती. प्रिया हितं पुण्यात. अमरला पुढाऱ्यांच्या मागं फिरण्यातून सवड न्हाई. तुमी एकटेच बसून काय करणार? घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशातली गत व्हायची.”

अर्जुनरावांकडे पहिल्या तिन्ही प्रश्नांना उत्तर होतं, चौथ्याला नव्हतं. त्यांनी ताडपत्री पुन्हा माझ्यावर नीट ओढली, चारी कोपऱ्यांना दगड ठेवले आणि ते निघून गेले. मला वाटलं, गिऱ्हाईक गेलं.

पंधरा दिवसांनी ते परत आले. या वेळी त्यांच्या जीपमधून एक काटक म्हातारा उतरला. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, पायात जाड वहाणा. हा हरिबा. शेळ्या-मेंढ्या राखणारा. पावसाळ्यात याचा कळप धारूरच्या डोंगरात असे आणि दसरा झाला की धरणकाठच्या रानात उतरे. अर्जुनरावांच्या रानात त्याच्या बापाचा कळप बसायचा, तेव्हापासूनची या दोघांची ओळख.

हरिबाने मला शेळी पारखावी तसं पारखलं. आधी लांबून चारी बाजूंनी फिरला. मग बोटाच्या पेरांनी ठोकून आवाज ऐकला. शेवटी जमिनीवर आडवा होऊन माझं पोट बघितलं. तळ्यावरची माणसं हसत होती. अर्जुनराव हसत नव्हते.

“काय वाटतं हरिबा? परवडंल का?”

“परवडंल का न्हाई, ते मी काय सांगू दादा? पैका तुमचा.”

“पैशाचं न्हाई इचारत मी. घ्यावी का?”

हरिबा उठून बसला. अंगावरची माती झटकत म्हणाला, “सिंदफणेचा डोह ध्यानात हाय का? भोपळ्याची सांगड बांधून आपुन दोघं दिसभर पाण्यावर पडून असायचो.”

“त्यासाठीच तर.”

“मंग इचारता काय?”

“तू येशील का बसायला?”

“शेळ्या?”

“मनकर्णा बघंल की.”

मनकर्णा म्हणजे हरिबाची बायको. तिचं नाव निघताच हरिबा गालात हसला. “तिच्या शिव्या तुमी खायच्या, ह्या बोलीवर येतो.”

असा माझा सौदा झाला. शिवकन्यांच्या चौथ्या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं. घरी ते त्यांना कसं सांगितलं, ते मला माहीत नाही. पण मी ट्रकमधून उतरले तेव्हा त्या हळदीकुंकवाचं ताट घेऊन बांधावर उभ्या होत्या. पाण्याकडे पाठ करून त्यांनी माझ्या नाकाडाला कुंकू लावलं.

गावात मात्र माझी भरपूर थट्टा झाली. साठी बुद्धी नाठी, असं लोक तोंडावर म्हणू लागले. अर्जुनरावांचा मुलगा अमरसिंह, तीस-बत्तिशीतला, कडक इस्त्रीच्या कपड्यांतला. त्याने मला पायाने जरा हलवून बघितलं. “आबा, येवढ्यात चांगली गाडी दारात आली असती. हिचा उपयोग काय?” पाटबंधारे खात्याची परवानगी आणायला ते स्वतः चार खेटे घालून आले होते. उपयोग काय, हे त्यांना सांगता येत नव्हतं.

मी सांगू शकले असते.

पहिल्या हिवाळ्यातली ती गोष्ट आहे. धरण काठोकाठ होतं. सकाळी दोघं यायचे. अर्जुनराव सुपारी आणि अडकित्ता घेऊन, हरिबा ज्वारीची भाकरी, ठेचा आणि लोट्यात शेळीचं दूध घेऊन. काठावर हरिबा म्हणायचा, “दादा, जपून बसा.” मग वल्ही घ्यायचा. इंजिन त्याला आवडत नसे, पाखरं उठतात म्हणायचा. काठ शंभर पावलं मागं पडला की त्याचा आवाज बदलायचा.

“अर्जुन्या, सुपारी दे बे.”

आणि अर्जुनराव सुपारी कातरून त्याच्या हातावर ठेवायचे. बस्स. परत येताना काठ जवळ आला की पुन्हा “दादा”. हे त्यांनी ठरवून केलं होतं की आपोआप झालं होतं, मला कळलं नाही. एकदा मात्र हरिबाच बोलला. वल्ही आत घेतली होती. मी नुसती तरंगत होते, लांब चक्रवाकांची जोडी बसली होती.

“तुज्या बापानं मला कावून मारलतं, ठावं हाय का बे?”

“न्हाई. कधी?”

“आपुन बारा वर्सांचे असू. खळ्यावर मानसं बसली हुती. मी आलो आन् म्हणलो, अर्जुन्या, चल डोहावर. तुज्या बापानं उठून अशी दिली, की कानात दोन दिस गुंई करीत हुतं. मालकाच्या लेकराला नावानं हाक मारतूस म्हणला. तवापासून दादा.”

हरिबा हे हसत सांगत होता. अर्जुनराव हसले नाहीत. म्हणाले, “मला वाटलं, तू मोठा झालास म्हणून दादा म्हणायला लागलास.”

“मोठा कशाचा? कान दुखत हुता.”

त्या दिवशी परतताना अर्जुनरावांनी वल्ही घेतली. हरिबाला त्यांनी हात लावू दिला नाही. त्यांच्या तळहाताला फोड आले. मी अनेकांना फिरवलं होतं, पण उतरल्यावर मागं वळून माझ्याकडे बघणारी ही पहिली दोन माणसं.

दोन हिवाळे असे गेले. हरिबाच्या गुडघ्यांना थंडी बाधायची म्हणून अर्जुनरावांनी माझ्या बैठकीवर जुनी गोधडी अंथरली. वल्ह्यांना दर महिन्याला तेल लागायचं. इंजिन कापडात गुंडाळून घरात खाटेखाली असायचं. मित्रांनो, वस्तूला एवढं मिळालं की तिला आणखी काही नको असतं.

तिसऱ्या वर्षी पाऊस पडला नाही. पाणी रोज थोडं थोडं मागं सरकत गेलं आणि चैत्रात मी भेगाळलेल्या गाळावर उघडी पडले. हरिबाचा कळप त्या वर्षी धरणाच्या पोटातच चरत होता. पाण्याखाली गेलेल्या जुन्या रानांची खूण वर आली होती. एका विहिरीचं दगडी कडं, तोडलेल्या चिंचांची काळी खोडं, बांधांच्या रेघा. हरिबा शेळ्यांमागं त्यावरून हिंडायचा. दुपारी दोघं कोरड्या गाळात माझ्यात येऊन बसायचे.

“दादा, पाणी प्या.”

“होडीत बसलाईस की. दादा कावून म्हणतोस?”

“पाणी कुठंय?” हरिबा म्हणाला, आणि दोघंही हसले.

उठताना त्याने काठीने लांब दाखवलं. “त्या हिरीचं कडं बघून ठिवा. तिच्याम्होरं पाच खोडं हायेत. पाणी आल्यावर वर काय दिसणार न्हाई, पर बुडाला मात्र फाडतील.”

“तू हायेस की दाखवायला.”

“मी हाय म्हणा.”

पुढच्या पावसाळ्यात आभाळच फाटलं. सिंदफणा दोन्ही काठ सोडून वाहिली, लोकांचा कापूस गेला, आणि धरण तुडुंब भरलं. दसऱ्यानंतर हरिबा उतरला. आम्ही पुन्हा पाण्यावर गेलो. मला वाटलं, आपले दिवस परत आले.

त्याच हिवाळ्यात अमरसिंहाला माझा उपयोग सापडला. त्याला जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं. तिकीट ज्यांच्या हातात, ते जिल्ह्याचे एक पुढारी त्याच्याकडे जेवायला येणार होते. जेवण काय कुणीही घालतं. अमरसिंह वडिलांना म्हणाला, “आबा, त्यांना धरणात फिरवू. असं कुणीच केलं नसंल.” मुलगा प्रथमच आपल्या होडीबद्दल चांगलं बोलतो आहे, याचा अर्जुनरावांना आनंद झाला. तो मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिला. त्या आनंदानेच घात केला असं मला पुढं अनेकदा वाटलं.

सकाळी माझ्या दोन्ही कुशींना फ्लेक्स बांधले गेले. त्यांवर पुढाऱ्यांचा हात जोडलेला फोटो आणि खाली अमरसिंहाचा. गोधडी काढून लाल गालिचा टाकला. दहाच्या सुमाराला गाड्या आल्या. माझ्यात पुढारी बसले, त्यांचे दोन साथीदार बसले, मोबाईलवर चित्रण करणारा एक कार्यकर्ता बसला, अमरसिंह बसला. मागं इंजिनाशी अर्जुनराव. आणि पुढं, नाकाडाशी उकिडवा, पाण्यावर नजर ठेवून हरिबा. सहा जणांच्या बैठकीत सात माणसं झाली होती.

इंजिनाच्या आवाजाने पाखरं उठली. पुढारी खुशीत होते. अर्जुनरावांनी वेग वाढवला. पाण्याचा रंग जरा गढूळ झाला तसा हरिबा ताडकन उभा राहिला आणि त्याच्या तोंडून सवयीचं निघून गेलं.

“अर्जुन्या, डावीकडं घे बे! हिरीचं कडं!”

अर्जुनरावांनी क्षणात मला डावीकडे वळवलं. माझ्या उजव्या कुशीपासून हातभर अंतरावरून ते दगडी कडं गेलं. पाण्याखाली पिवळसर दिसलं आणि मागं पडलं. सातही माणसं वाचली होती. पण ते कडं कुणी पाहिलंच नव्हतं. सगळ्यांनी ऐकलं होतं ते वेगळंच.

पुढारी मोठ्याने हसले. “अर्जुनराव, गडी लई लाडाचा दिसतो तुमचा!”

साथीदार हसले. चित्रण करणाराही हसला. अमरसिंहाचा चेहरा लाल झाला. “कुणाला अर्जुन्या म्हणतूस रे? जागा कळती का न्हाई तुला?”

हरिबाने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने अर्जुनरावांकडे पाहिलं. अर्जुनराव इंजिनाकडे वाकले. इंजिनाला काही झालं नव्हतं. मला ठाऊक आहे, ते माझ्याच पाठीला जोडलेलं होतं आणि नीट चालत होतं. तरी ते वाकून त्याची दोरी चाचपत राहिले.

“तसाबी बोजा जास्त झालाय,” साथीदारांपैकी एक म्हणाला. “एखादा कमी करा.”

“आबा, त्याला टेकाडावर उतरवा,” अमरसिंह म्हणाला. “परतीला घेऊ.”

पाण्याच्या मधोमध एक टेकाड आहे. वर दोन बाभळी, बाकी खडक. अर्जुनरावांनी मला तिथं लावलं. वर न बघता ते म्हणाले, “हरिबा, घडीभर टेक हितं. घिऊन जातो परतीला.”

हरिबाने घोंगडी खांद्यावर नीट घेतली. खाली उतरला. “बरं, दादा,” म्हणाला.

भर पाण्यात त्याने त्यांना दादा म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

पुढं जे व्हायचं ते झालं. वाट दाखवणारं पुढं कुणी नव्हतं. परतताना एका चिंचेच्या खोडाने माझी डावी कूस फाडली. गालिचा भिजला, पुढाऱ्यांची चप्पल वाहून गेली, आरडाओरडा झाला. अर्जुनरावांनी मला कसंबसं सरळ काठाकडे रेटलं. तोवर घोट्याएवढं पाणी आत आलं होतं. सगळ्यांना हाताला धरून उतरवलं, कोरडे कपडे मागवले, माफ्या मागितल्या. पुढारी चांगल्या मनाचे निघाले, त्यांनी ते हसण्यावारी नेलं. मंडळी शेतातल्या घरी जेवायला गेली. मला तशीच गाळात ओढून ठेवली होती.

मनकर्णा शेळ्या घेऊन बांधावर आली. “दादा, हे कुठं हायेत?”

“टेकाडावर हाय. आणतो.”

मी फाटले होते, खरं आहे. पण पलीकडे थर्माकोलच्या तराफ्यांवर मासे धरणारी माणसं होती. एक हाक पुरली असती. अर्जुनराव जेवणाच्या पंगतीतून उठून दोनदा बांधापर्यंत आले. दोन्ही वेळा त्यांनी डोळ्यांवर हात धरून टेकाडाकडे पाहिलं. लाल पटका ठिपक्याएवढा दिसत होता. दोन्ही वेळा मागून अमरसिंहाची हाक आली, “आबा, साहेब वाट बघायलेत.” आणि दोन्ही वेळा ते परत फिरले.

शेवटी दिवस कलताना मनकर्णाच धावत तराफेवाल्यांकडे गेली. त्यांनी हरिबाला आणलं. पौषातला वारा अंगावर घेऊन तो दिवसभर खडकावर बसला होता. ओठ निळे पडले होते. शेतातल्या घरातून हसण्या-बोलण्याचे आणि ताटांचे आवाज येत होते.

“काय खाल्लंत का?” मनकर्णाने विचारलं.

“न्हाई.”

“येवढी तुमची दोस्ती, आन् एक मानूस धाडायला झालं न्हाई त्यांना? थांबा, मी जाऊन इचारते.”

“गप. शेळ्या हाक.”

माझ्या अंगावरून तो गेला. फाटलेल्या कुशीजवळ थांबून त्याने बोटांनी भेग चाचपली, आणि कळपामागं चालू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवकन्या झाकलेलं ताट घेऊन बांधावर आल्या. हरिबाच्या शेळ्यांच्या वाड्याची जागा मोकळी होती. नुसती राख आणि लेंड्या. त्या तिथंच उभ्या राहिल्या. मागून अर्जुनराव आले.

“हरिबा भावजींचं ताट कालपासून झाकून ठिवलंय मी,” त्या म्हणाल्या. “तुमी एकदा तरी इचाराल असं वाटलं.”

अर्जुनरावांनी वाकून राखेला हात लावला. ती गार होती.

अमरसिंहाला तिकीट मिळालं. तो निवडूनही आला. पुढाऱ्यांच्या सहलीचं चित्रण सगळ्या मोबाईलवर फिरलं. त्यात हरिबा नव्हता, तेवढा भाग कापला होता. मिरवणुकीच्या दिवशी कुणीतरी येऊन मला झेंडूचा हार घातला. जे लोक माझी थट्टा करत होते, तेच आता अर्जुनरावांना हटकून म्हणायचे, “दादा, होडी वसूल झाली म्हणायची!” अमरसिंह तर चारचौघांत सांगायचा, की आबांनी लांबचा विचार करून घेतली होती. अर्जुनराव मान हलवायचे. त्यांच्याकडे बघून मला वाटायचं, हा माणूस आता कुठल्याच काठाला लागत नाही.

उन्हाळ्यात त्यांनी पुण्याहून सामान मागवून माझी कूस सांधली. मिस्त्रीला हात लावू दिला नाही. घासकागदाने स्वतः घासलं, थर बसवले, तीन दिवस उन्हात बसून राहिले. रंग तेवढा जुळला नाही. मग दसऱ्याची वाट बघू लागले.

दसरा झाला, दिवाळी झाली. कळप आमच्या काठाला आला नाही. एका सकाळी लांब, समोरच्या काठाला, पांढरे-काळे ठिपके हलताना दिसले. अर्जुनरावांनी वल्ही घेतली. इंजिन लावलं नाही. साठी उलटलेल्या माणसाने एकट्याने ते अख्खं पाणी वल्हवत पार केलं. मध्ये दोनदा थांबून ते खोकले.

हरिबाने त्यांना बघितलं आणि घोंगडी अंथरली. मनकर्णाने दुधाचा चहा केला. कप खास धुऊन दिला. गुडघे कसे आहेत, पाऊस कसा झाला, किती करडं झाली, सगळं बोलणं झालं. कुणी आवाज चढवला नाही. मला वाटलं, आता तरी कुणी भांडावं.

“चल, बसू थोडं,” अर्जुनराव म्हणाले.

हरिबा मनकर्णाकडे बघून उठला. आला. माझ्यात बसला. पुन्हा अंथरलेल्या गोधडीवर हात फिरवला. अर्जुनराव वल्हवत राहिले. काठ शंभर पावलं मागं गेला, दोनशे गेला, पार मधोमध आलो. तिथं त्यांनी वल्ही आत घेतली.

“माझं चुकलं, हरिबा.”

“तुमचं काय चुकलं दादा? बोजा जास्त झालता.”

“असं बोलू नको.”

“मंग कसं बोलू?”

अर्जुनरावांनी खिशातून अडकित्ता काढला, सुपारी कातरायचा प्रयत्न केला. ती निसटून खाली पडली. “तुला जे म्हणायचं ते म्हण. शिवी दे. अर्जुन्या म्हण. हितं कोण हाय ऐकायला?”

हरिबाने लांब पाण्याकडे बघितलं. त्याने खरंच प्रयत्न केला, मित्रांनो. मी त्याच्या पायाखाली होते, मला कळत होतं. मग तो हळू म्हणाला, “जिभंवर येत न्हाई आता, दादा.”

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

परत त्याच्या काठाला आल्यावर हरिबा उतरला आणि अर्जुनरावांसाठी मला पाण्यात लोटून दिलं. “सांभाळून जावा,” म्हणाला. तेव्हापासून तो माझ्यात बसलेला नाही. दोघं बाजारात भेटतात, लग्नाकार्यात भेटतात, एकमेकांची ख्याली-खुशाली विचारतात. भांडण झालं असं कुणाला सांगताही येणार नाही.

अर्जुनराव आणखी दोनदा एकटे आले. दुसऱ्या वेळी काठापासून थोड्या अंतरावर जाऊन नुसते बसले, आणि परत फिरले. मग गड्यांना सांगून मला बाभळीखाली पालथी घातली. तेव्हापासून मी इथं आहे. गोधडी कुणीतरी नेली. वल्ह्यांना वाळवी लागली आहे. इंजिन खाटेखालून कुठं गेलं, मला माहीत नाही.

मागच्या महिन्यात धारूरकडचा लखन नावाचा एक तरुण शेतकरी मला बघायला आला. त्याने मोठं शेततळं खोदलं आहे. सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना त्यात फिरवावं, असं त्याच्या मनात आहे. माझ्यावर बोट आपटून बघितल्यावर त्याने अर्जुनरावांना सरळच विचारलं, “दादा, खरं सांगा. होडी घिणं परवडतं का? सगळे म्हणतात, तुमची तर वसूल झाली.”

अर्जुनराव माझ्या ठिगळावरून हात फिरवत होते. “होडीत खोट न्हाई,” ते म्हणाले. “मला लई महाग पडली, बाबा.”

लखनला वाटलं, ते दुरुस्तीबद्दल बोलत आहेत. समजल्यासारखी मान हलवून, आखितीला कळवतो म्हणून तो गेला.

तो मला नेईल की नाही, मला माहीत नाही. पण तो नेवो किंवा उद्या तुमच्यापैकी कुणी अशी एखादी होडी घेवो, माझी एवढीच विनवणी आहे. पावसात मला उताणी सोडू नका, आत साचलेलं पाणी माझ्या थरांत मुरतं. वल्ही भिंतीला टेकवून उभी ठेवा, जमिनीवर टाकू नका. भेग दिसली तर उद्यावर ढकलू नका. आणि बोजा जास्त झाला असं वाटलं, तर कुणाला उतरवायचं हे ठरवण्याआधी जरा थांबा. मी सहा जणांची होडी. त्या दिवशी माझ्यात सात जण होते, आणि एक जास्तीचा होता हे खरंच. तो कोण, हे मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर मी हरिबाचं नाव घेतलं नसतं.